लोकरीचा पोपट आणि चार दिवसांची पाहुणी

मी एकदा एका जित्याजागत्या माणसाला घरातून काढून टाकलं. भांडून नाही, टाकानं, शाईनं, वळणदार अक्षरात, खाली रेघ मारून. तेव्हा मी वीस वर्षांची होते, सातवी पास होते, आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझ्या मनात जराही शंका नव्हती. ती पोरगी आज माझ्यासमोर आली तर मी तिला आधी बसायला पाट देईन, पाणी देईन, आणि मग एक ठेवून देईन.

महाराष्ट्र तेव्हा नवा नवा होता. आमचा बुलडाणा जिल्हा थोड्याच वर्षांत मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि तिथून महाराष्ट्रात गेला होता. चिखलीतलं आमचं घर मात्र कापूस बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं तिथंच होतं. घरात मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि आत्याबाई, म्हणजे सासू. आमचे हे जळगाव जामोदला मास्तर होते. शनिवारी शेवटच्या एसटीनं यायचे आणि सोमवारी झुंजूमुंजू व्हायच्या आत निघून जायचे. आणि एक नणंद होती.

नणंद ह्यांच्यापेक्षा लहान, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. मी तिला 'बाई' म्हणायची, ती मला 'वहिनी'. तिचं लग्न माझ्या लग्नाच्या पुष्कळ आधी झालं होतं. वर्ष पुरं व्हायच्या आत नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं, 'पुढच्या आठवड्यात नेतो' म्हणाला, आणि त्याचा तो आठवडा काही उजाडला नाही. आमच्या घरात 'टाकली' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. कुणी विचारलं, की आत्याबाई सांगायच्या, "आली हाय चार दिवस." विचारणाऱ्या बायकांनाही खरं काय ते ठाऊक असायचं. तरी त्या विचारायच्या, ह्या सांगायच्या, आणि सगळ्यांचं समाधान व्हायचं. असे ते चार दिवस सात वर्षं चालले होते.

दुसऱ्या वर्षी तिनं आपल्या हातातल्या पाटल्या खामगावला विकल्या आणि पायानं चालवायची शिलाई मशीन घेतली. मागच्या खोलीत, खिडकीपाशी ती मशीन असे. गल्लीतल्या लेकरांची झबली, बायांचे पोलके, परकर, मळ्यातल्या मजुरांच्या बंड्या, सगळं तिथं शिवून होई. साबणापासून स्वतःच्या लुगड्यापर्यंत तिचं ती बघायची. बापाकडं तिनं कधी हात पसरला नाही. मशीन आली तेव्हाच खरं तर चार दिवस संपले होते. पण ते बोलायचं कुणी?

आता माझ्याबद्दल. मी लग्नात येताना रुखवत आणलं होतं, आणि ते मी स्वतः केलं होतं. सुपारीचे नवरानवरी, काचेच्या नळ्यांचं तोरण, मण्यांचा झोपाळा, आणि ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे काचेच्या चौकटीत बसवलेला लोकरीचा पोपट. हिरवा, लाल चोचीचा, फांदीवर. त्याला मी सहा महिने घालवले होते. तो मी मागच्या खोलीत मशीनच्या वरच्या खिळ्याला लावला, कारण उजेड तिथंच चांगला पडे. नणंदेनं मान वाकडी करून पाहिलं आणि विचारलं, "वहिनी, कोंबडी बसवली का वं झाडावर?"

हे मी विसरले नाही. पुढं जे झालं त्यात ह्या कोंबडीचा वाटा आहे, म्हणून सांगून ठेवते.

मामाजी एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कारकून होते. शेजारच्या एका जिनात कापसाच्या गंजीला आग लागली आणि मालकाला विम्यातून भरपाई मिळाली, हे त्यांनी जवळून पाहिलं. ते घरी आले ते डोक्यात विमा घेऊनच. जिनाचा होतो तर घराचा काऊन नाही? आत्याबाईंना ते पटलं नाही. घरात काय काय आहे ते परक्या माणसाला सांगायचं, हेच मुळात त्यांना अंगावरचा पदर काढल्यासारखं वाटत होतं. पण मामाजींनी एका दुपारी विमेवाल्याला घरी आणलंच.

विमेवाला खामगावचा. उन्हातसुद्धा कोट, हातात चामडी बॅग. ओसरीवर बसून त्यानं छापील फॉर्म काढला आणि समजावून सांगितलं. "दोन गोष्टी असतात बघा. एक घर, म्हणजे भिंती, कौलं, दारं. दुसरं घरातलं सामान. तुम्ही सामानाचा विमा घेऊन राह्यले. तं आम्हाले यादी लागते. कोणता जिन्नस, किती, काय किमतीचा. रोकड आणि सोनंनाणं यात धरू नका. आणि सामान घरच्या माणसांचं पाह्यजे. पाहुण्याची पेटी आपल्या घरी जळली, तं ती पाहुण्याची जळली. कंपनीले तिच्याशी घेणंदेणं नाही."

मामाजी म्हणाले, "यादी सूनबाई लिहितील. अक्षर चांगलं हाय त्यांचं."

झालं. ह्या एका वाक्यानं मी जमिनीपासून वीतभर वर गेले. टाक, दौत, चार ताव घेतले आणि दारामागं बसले.

यादी म्हटल्यावर मला एकच यादी माहीत होती, ती लग्नाची. देण्याघेण्याची यादी कशी लिहितात ते मी माझ्या वडिलांच्या मांडीजवळ बसून पाहिलं होतं. मीही तश्शीच लिहिली. वर 'श्री'. मग माहेराकडून आलेलं आधी, सासरचं नंतर. 'लोकरीचा पोपट, हिरवा, चोच लाल, काचेच्या चौकटीसह, एक.' 'सुपारीचे नवरानवरी, जोड एक, पैकी नवरीस नथ.' पूर्ण एक ताव माझं रुखवतच होतं. सासरची तांब्यापितळेची भांडी, गाद्या, लाकडी कपाट, कोठी, पलंग हे सगळं मी पाठच्या पानावर दाटीवाटीनं बसवलं. धान्याची कोठी लिहिली, तिच्यातली ज्वारी लिहायची राहिली.

मशीन लिहिली नाही. आणि ती विसरले म्हणून नाही. मी विचार केला, आणि तोच तर मूर्खपणा. लेकीचं एकदा लग्न झालं की तिचं जे काही असेल ते तिच्या सासरचं. माहेरच्या यादीत ते कसं येईल? लग्नाच्या यादीत असं करत नाहीत. शिवाय आतून कुठंतरी ती कोंबडी पंख फडफडवत होती.

फॉर्मवर आणखी एक रकाना होता. घरात कायम राहणारी माणसं. मी लिहिलं, चार. सासरे, सासू, हे, मी. खाली 'इतर' असं छापलेलं होतं आणि पुढं कोरी जागा. कोरी जागा बघवत नाही अशा स्वभावाची मी. विमेवाल्याच्या समोर सासरची अब्रू राखावी, आत्याबाईंनी शाबासकी द्यावी, असं सगळं एकदम मनात आलं आणि मी लिहिलं, 'नणंद, पाहुणी, चार दिवसांकरिता.' आणि खाली रेघ मारली. सरळ, पट्टीनं.

मामाजींनी सही करण्याआधी कागद वाचला. कारकून माणूस, वाचल्याशिवाय सही करणारा नव्हता. त्या ओळीपाशी ते थांबले. चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, परत लावला. मग सही केली. मला वाटलं, अक्षर बघत होते.

पुढच्या वैशाखातली गोष्ट. मागच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर कुरडयांसाठी गव्हाचा चीक शिजत होता. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. नणंद सोऱ्यात चीक भरून देत होती, मी खाटेवरच्या धोतरावर कुरडया घालत होते आणि माझ्या कुरडया कशा गोल पडताहेत ते सगळ्यांना दाखवत होते. दहाच्या सुमारास एक वावटळ आली. चुलीतला विस्तव उडाला आणि मागच्या भिंतीला लावलेल्या पऱ्हाट्यांच्या ढिगात पडला. कापसाची वाळलेली झाडं ती. त्यांना निमित्तच हवं होतं. आम्ही हातातला चीक धुवायच्या आत आग खिडकीतून मागच्या खोलीत शिरली होती.

नणंद घराकडं धावली. मी आणि शेजारीण, दोघींनी तिला कमरेला धरून अडवलं. ती ओरडली नाही. फक्त सगळा जोर लावून पुढं ओढत होती, आणि तिच्या चिकाच्या हातांचे ठसे माझ्या दंडावर वाळले ते संध्याकाळपर्यंत तसेच होते. विहिरीपासून माणसांची रांग लागली, घागरी आल्या, आग विझली. माणूस कुणी भाजलं नाही. मागच्या दोन खोल्या गेल्या.

विझल्यावर आम्ही आत गेलो. मशीनचा लाकडी पाट जळून गेला होता. लोखंड उभं होतं, काळं, चाक एका बाजूला वाकलेलं. नणंदेनं पायपट्टीवर पाय ठेवून दाबून पाहिलं. हललं नाही. तिनं गळ्यातली मापाची टेप काढली, घडी केली आणि कनवटीला खोचली.

कंपनीकडून नुकसान पाहायला साहेब आला तो अकोल्याहून. किडकिडीत, छत्रीवाला, पुस्तकातलं मराठी बोलणारा. गल्ली अर्थातच गोळा झाली. त्यानं माझी यादी काढली आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली.

"लोकरीचा पोपट. हिरवा. चोच लाल. एक." त्यानं यादीवरून वर पाहिलं. "कुठे आहे?"

"जळाला," मी पदराआडून म्हटलं.

"काही अवशेष?"

मी तडकलेली चौकट आणून दाखवली. आत थोडी राख होती. शेजारीण मागून म्हणाली, "साहेब, उडून गेला असंल तं?" सगळी गल्ली हसली. साहेब हसला नाही. त्यानं पुढचं वाचलं, "सुपारीचे नवरानवरी, पैकी नवरीस नथ," आणि मग त्यालाही खोकला काढावा लागला. असे माझे एकेक दागिने चौकात निघत होते आणि जमीन फाटत नव्हती.

त्या साहेबाकडून त्या दिवशी बऱ्याच गोष्टी समजल्या. जी वस्तू जळली ती नवी घ्यायला किती पडेल ते कंपनी देत नाही. जळायच्या दिवशी तिची जी किंमत उरली होती ती देते. वीस वर्षांच्या पलंगाची वीस वर्षं वजा. पितळेची भांडी काळी पडली ती जळाली असं होत नाही. आत्याबाई आतून म्हणाल्या, "काळीठिक्कर पडली न हो!" साहेब म्हणाला, "चिंचेने निघतील, आजी. हवं तर कल्हईचा खर्च लिहितो." कोठी यादीत होती म्हणून कोठी धरली. आतली ज्वारी पोतीच्या पोती जळाली होती, ती नव्हती यादीत. मामाजींनी माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्या पायांकडं पाहिलं. आता नात घराच्या विम्याचा कागद आणते तेव्हा ती पहिल्या पानावरची रक्कम दाखवते, आणि मी शेवटच्या पानावर जाऊन काय काय धरलेलं नाही ते आधी वाचते. ती म्हणते, आजी फार हुशार. मी म्हणते, हो.

मग साहेब मशीनपाशी आला. छत्रीचं टोक चाकाला लावून पाहिलं. यादी पुढून पाहिली, मागून पाहिली.

"ही कोणाची?"

"माझ्या लेकीची," मामाजी म्हणाले.

"यादीत नाही."

"राहून गेली."

"एखादी वस्तू राहून जाते, ते पाहता येतं." त्यानं फॉर्म उलगडला. "पण इथे त्या पाहुण्या लिहिल्या आहेत. चार दिवसांकरिता. खाली रेघसुद्धा मारली आहे. पाहुण्यांचं सामान यात बसत नाही."

 आत्याबाई दारातून सवयीनं म्हणाल्या, "आली हाय चार दिवस." आणि मग आपलंच बोलणं ऐकून दाराआड सरकल्या.

साहेबानं नणंदेला विचारलं, "आपण केव्हा आलात?"

नणंद भिंतीला टेकून उभी होती. तिनं बापाकडं पाहिलं, मग गल्लीकडं. म्हणाली, "साहेब, हे इथं उभी हाय न, शेजारची पोरगी, दोन वेण्यांची. हिच्या बारशाचं झबलं मी हातानं शिवलं, मशीन नव्हती तवा. आता ते शाळेत जाते. तुम्हीच मोजा."

साहेबानं त्या पोरीकडं पाहिलं आणि मोजलं असावं. मामाजींना म्हणाला, "माझी गाडी पाचची आहे. मी तोवर स्टँडवर चहा घेतो. मुलगी आपल्या घरी कायम राहते असं आपण लिहून दिलंत, गल्लीतल्या दोघांनी साक्ष घातली, तर मी मशीन धरतो. नाही तर नाही." आणि छत्री उघडून गेला.

गल्ली पांगली. मामाजी ओसरीवर बसले. आत्याबाई दाराच्या जळक्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या आणि आवाज दाबून म्हणाल्या, "असं लिहून देल्लं तं मंग संपलंच न. उद्या तो न्याले आला, आन् कोणी हा कागद दाखवला, तं? लोखंडाच्या तुकड्यापायी लेकीचं दार बंद करता काय?"

"कोण आलं सात वर्षांत?" मामाजी म्हणाले.

"येईल."

"कवा?"

 नणंद विहिरीवर भांडी चिंचेनं घासत बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं, हे त्या दोघांनाही माहीत होतं. तिचा हात थांबला की कळायचं, कारण घासण्याचा आवाज थांबायचा. मग पुन्हा सुरू व्हायचा.  तिनं मागितलं असतं तर बापानं लगेच लिहून दिलं असतं, असं मला वाटतं. तिनं मागितलं नाही.

साडेचार वाजत आले होते. मामाजींनी हाक मारली, "सूनबाई, टाक-दौत आना. कागदही."

मी आणून ठेवलं आणि मागं सरकले.

"तुम्हीच लिहा," ते म्हणाले. "पह्यलं अक्षर तुमचं हाय. हेही तुमचंच पाह्यजे."

मी बसले. ते सांगत गेले, कचेरीतल्या मराठीत. 'लिहून देणार यांची कन्या ही लिहून देणार यांचे घरी सात वर्षांपासून कायम राहत असून, यापुढेही राहणार आहे. ती पाहुणी नाही.' यापुढेही, ह्या शब्दापाशी ते थांबले. मी टाक वर धरून बसले, शाई ठिबकली. तिथं डाग पडला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात घाणेरडा लिहिलेला कागद. अक्षरं एकमेकांवर पडत होती. मी रेघ मारली नाही.

आत्याबाई आतून म्हणाल्या, "आन् कारण काय लिहिसान? काऊन राह्यते ते?"

त्याचं भय सगळ्यांनाच होतं. टाकली, सोडली, असलं काही मामाजींच्या सहीवर लिहावं लागणार. पाचला दहा कमी असताना साहेब आला, कागद वाचला, डागावर जरा थबकला. मामाजींनी स्वतःच विचारलं, "कारण लिहावं लागते काय?"

साहेब म्हणाला, "कारणाचा रकाना नाही."

शेजारणीच्या नवऱ्यानं आणि समोरच्या शिंप्यानं साक्ष घातली. त्या शिंप्याचा धंदा ह्या मशीननं अर्धा केला होता, त्यानं सही करताना एवढंच विचारलं, "आता पुन्हा मशीन घेईल काय हे पोरगी?" आणि केली.

भरपाई पावसाळा सरता सरता आली. पोपटाचं काही मिळालं नाही. 'शोभेची वस्तू, मूल्य नाही' असं त्याच्यापुढं लिहून आलं. तो कागद मी कितीतरी दिवस कुणाच्या हाती लागू दिला नाही. मशीनचं मिळालं, पण जुनीच्या किमतीनं, तेव्हा जुनीच घ्यावी लागली. आमचे हे खामगावला जाऊन ती घेऊन आले, एसटीच्या टपावर दोरीनं बांधून. मागची खोली नव्यानं पत्र्यांनी शाकारली होती. खिडकी तीच होती. तिच्यावरचा पोपटाचा खिळाही भिंतीत तसाच राहिला होता, काळा पडून.

चौघांनी मशीन आत आणून ठेवली आणि बाहेर गेले. आत मी आणि नणंद. आत्याबाईंकडं तोवर दोनचार बाया मशीन बघायच्या निमित्तानं येऊन टेकल्या होत्या. त्यातली कुणी बाहेरगावची नवखी बाई विचारताना ऐकू आली, "हे तुमची लेक काय? कवा आली?" आत्याबाई म्हणाल्या, "घरीच असते." बस्स, इतकंच.

नणंद तेलाची कुपी घेऊन मशीनच्या भोकांत थेंब थेंब सोडत होती. मी सहा महिने जे बोलायचं म्हणत होते ते तेव्हा बोलले. म्हटलं, "बाई, त्या कागदावर मी तुम्हाले पाहुणी लिहिलं. तुम्ही कोंबडी म्हटलं होतं, तोही राग होता माह्या मनात."

तिनं चाकाला हात लावून फिरवलं. सुई खाली गेली, वर आली. मग तिनं भिंतीकडं पाहिलं आणि म्हणाली, "झाले आता ते चार दिवस. तू तो खिळा जरा खाली ठोकून दे, वहिनी, मले तिथं कैची टांगाची हाय."